‘मुंबई स्पेशल’ : जुनी फौजी घड्याळं आणि खरेपणाचा प्रश्न

(मुदखेड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. प्रश्नोत्तरांतील काही भाग शेवटी दिला आहे.)



मुदखेडच्या माणसाला घड्याळाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. आपलं गाव जंक्शन. आदिलाबादकडची लाईन इथून फुटते. फुलं तोडणारा माणूससुद्धा गाडीच्या वेळेचा हिशोब धरूनच मळ्यात उतरतो. पलीकडे केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं तर सगळं शिट्टीवर चालतं. त्यामुळे आजचा विषय ऐकून कुणाला फार नवल वाटू नये. जुनी फौजी घड्याळं जमवणारे लोक, त्यांतही क्रोनोग्राफ जमवणारे, आणि त्यांची ‘अस्सल’ नावाची कल्पना, यावर आम्ही आज बोलणार आहोत.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं घड्याळांवर का बोलावं, असं काहींना वाटेल. कारण साधं आहे. आम्ही तीस-पस्तीस वर्षं वर्गात जो प्रश्न शिकवला, की वस्तू तीच राहते म्हणजे नेमकं काय राहतं, तो प्रश्न एक दिवस आमच्याच घरात, आमच्याच टेबलावर येऊन पडला. आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही.

झालं असं. आमचे मामा तोफखान्यात होते. 1965 आणि 1971, दोन्ही लढायांच्या वेळी नोकरीत होते. निवृत्त होऊन मुदखेडला आले, शेती केली, 1998 साली गेले. त्यांचं एच.एम.टी.चं ‘जवान’ घड्याळ आमच्याकडे आलं. चावीचं. डायलवर 1 ते 12 आणि आतल्या बाजूला 13 ते 24 आकडे. मागच्या वर्षी दिवाळीत आमचा नातू पुण्याहून आला. त्याला जुन्या घड्याळांचा नाद आहे. त्यानं भिंग लावून घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, “आबा, हे मुंबई स्पेशल आहे. याला काही किंमत नाही.”

‘मुंबई स्पेशल’ ही जगभरच्या संग्राहकांमधली शिवी आहे. म्हणजे असं घड्याळ, ज्याची मशीन एका ठिकाणची, केस दुसरीकडची, काटे तिसरीकडचे आणि डायल नव्यानं रंगवलेली. भारतातून अशी हजारो घड्याळं परदेशी जातात. एच.एम.टी., वेस्ट एंड, फाव्हर-ल्यूबा, सेको, जे मिळेल ते. चोरबाजाराचं नाव निघालं की संग्राहक नाक मुरडतात. पण एका महानगराचं नाव खोटेपणाला समानार्थी कसं झालं, याचा विचार कुणी करत नाही. तो आपण करू.

आधी क्रोनोग्राफ म्हणजे काय ते बघू. नाव ग्रीक आहे, अर्थ ‘काळ लिहिणारा’. 1821 साली पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत रिउसेक नावाच्या घड्याळजीनं एक यंत्र लावलं. घोडा रेषा ओलांडला की फिरत्या डायलवर शाईचा ठिपका पडायचा. म्हणजे ते यंत्र काळ खरोखर लिहायचं. पुढे शाई गेली, बटण आलं, नाव मात्र तेच राहिलं. क्रोनोग्राफ ‘किती वाजले’ याच्यासाठी नसतो, ते काम त्यातलं साधं घड्याळ करतं. क्रोनोग्राफचा प्रश्न ‘किती वेळ गेला’ हा असतो.

आपल्या वैशेषिकांनी म्हटलेलं आहे की काल हे एकच, नित्य, सर्वव्यापी द्रव्य. क्षण, मुहूर्त, दिवस हे त्याचे भेद उपाधीमुळे होतात, मुख्यतः सूर्याच्या गतीमुळे. साधं घड्याळ सूर्याची उपाधी मनगटावर आणतं. क्रोनोग्राफ ती उपाधी माणसाच्या बोटाखाली देतो. तुम्ही दाबलं तिथून काळ सुरू, पुन्हा दाबलं तिथं संपला.

फौजेला हे का हवं? मृगाच्या आधी वीज चमकते तेव्हा आपण लहानपणी आकडे मोजायचो ना? लखलखाट झाला, एक, दोन, तीन... गडगडलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे तीन सेकंदाला एक किलोमीटर. तोफखान्याचं गणितही हेच. समोरची तोफ उडाली, उजेड दिसला की बटण दाबायचं, आवाज आला की पुन्हा दाबायचं. काही क्रोनोग्राफच्या कडेला किलोमीटरचे आकडेच छापलेले असतात, त्याला टेलिमीटर म्हणतात. काटा थांबेल ते अंतर. त्या काळच्या बहुतेक यांत्रिक क्रोनोग्राफची मशीन सेकंदाला पाच टिका देते. एका टिकेत आवाज 68 मीटर जातो. आता तुम्हीच बघा, एक टिक चुकली तर गोळा कुणाच्या अंगावर पडेल.

वैमानिकाची गरज वेगळी. ढगात दिशा धरून उडायचं, अमुक मिनिटं झाली की वळायचं. वळल्याबरोबर नवा हिशोब. त्यासाठी थांबवा, शून्यावर आणा, पुन्हा सुरू करा, एवढं करायला सवड नसते. म्हणून फ्रेंच हवाई दलाच्या 1950 च्या दशकातल्या ‘टाइप 20’ घड्याळांत एकाच दाबात काटा शून्यावर येऊन लगेच पळू लागतो. ब्रिटिशांच्या लेमानिया घड्याळांत उलट, एकच बटण : पहिल्या दाबाला सुरू, दुसऱ्याला बंद, तिसऱ्याला शून्य.

मामांनी सांगितलेली एक गोष्ट आम्ही कधी विसरलो नाही. देवळालीला तोफखान्याच्या शाळेत असताना गोळ्याच्या उड्डाणाचा वेळ मोजण्यासाठी त्यांच्या हातात एक स्टॉपवॉच असायचं. ते म्हणायचे, “हाताला त्याची सवय अशी की झोपेतसुद्धा अंगठा हलायचा.” आम्ही विचारलं, मग ते कुठंय? मामा हसले. “ते माझं थोडंच होतं? स्टोअरला जमा केलं, सही घेतली.”

हे वाक्य लक्षात ठेवा. जमा केलं, सही घेतली.

फौजी घड्याळ शिपायाच्या मालकीचं नसतं. ते सरकारी वस्तू. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्यासाठी बारा स्विस कंपन्यांनी एकाच नमुन्याची घड्याळं बनवली. काळी डायल, बाण, मागे तीन वेळा ‘डब्ल्यू’. संग्राहक त्यांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. ती सरसकट सगळ्यांना मिळत नव्हती, ज्याच्या कामाला अचूक वेळ लागते त्यालाच दिली जायची. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्यासारखे आपले मराठा शिपाई लढले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्या पलटणींतल्या साध्या शिपायाच्या मनगटावर सरकारी घड्याळ असण्याचं काही कारणच नव्हतं. वेस्ट एंड कंपनीनं आपल्या घड्याळाला ‘सोवार’ नाव दिलं, म्हणजे आपला स्वार. पण ते घड्याळ स्वारानं पगारातून विकत घ्यायचं होतं. तेव्हा ‘सैनिकाचं घड्याळ’ म्हणून जे आज काचेच्या कपाटात ठेवतात, ते पुष्कळदा सैन्याचं असतं, सैनिकाचं नसतं. सैनिकाचं घड्याळ म्हणजे मामांचं ‘जवान’. कॅन्टीनमधून, स्वतःच्या पैशानं घेतलेलं.

आता संग्राहकांच्या भाषेकडे येऊ. टीकाकाराचं पहिलं काम शब्द तपासणं हे असतं.

त्यांचा एक लाडका शब्द आहे, ‘ट्रॉपिकल’. काळी डायल उन्हानं उडून तपकिरी झाली की तिला ट्रॉपिकल डायल म्हणतात. खरं तर तो रंगातला दोष. पण अशा क्रोनोग्राफला धडधाकट काळ्या डायलपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. कॉफीसारखा रंग, चॉकलेटसारखा रंग, अशी वर्णनं वाचायला मिळतात. आणि दुसरा शब्द ‘मुंबई स्पेशल’. आता विचार करा. दोन्ही डायली उष्ण प्रदेशानंच खराब केल्या. एकीला ऊन लागलं, दुसरीला चार महिन्यांची दमट हवा आणि घाम लागला. पहिलीचा मालक घड्याळ खणात ठेवून दुसरं वापरू शकत होता. दुसरीच्या मालकाकडे एकच घड्याळ होतं आणि त्याला सकाळी सातची गाडी पकडायची होती. आकडे दिसेनात म्हणून त्यानं डायल रंगवून घेतली. पहिल्याच्या नुकसानीला सौंदर्य म्हणायचं आणि दुसऱ्याच्या दुरुस्तीला शिवी द्यायची, ही रसिकता आम्हाला पटत नाही. ज्याला घड्याळ न वापरणं परवडलं त्याचं घड्याळ अस्सल, असा त्याचा अर्थ होतो.

संग्राहक म्हणेल, “सर, पण रंगवलेली डायल ती रंगवलेलीच. मूळची नाहीच ना.” ठीक. मग ब्रिटनच्या संरक्षण खात्याकडे चला. 1940 च्या दशकातल्या डायलींवर रेडियम होतं. पुढच्या वर्षांत खात्यानं आपल्याच घड्याळांच्या रेडियमच्या डायली काढून ट्रिटियमच्या बसवल्या. वर गोलात ‘टी’ अक्षर. वैमानिकांचं प्रसिद्ध आय.डब्ल्यू.सी. ‘मार्क 11’ 1949 पासून तीन दशकं सेवेत होतं, त्यातल्या कितीतरी घड्याळांची डायल अशी बदललेली आहे. काटे बदलले, काच बदलली. कारखान्यातून आली तशी राहिली नाहीत. त्यांना कुणी ‘लंडन स्पेशल’ म्हणतं का? (हशा) उलट ‘खात्याची डायल’ म्हणून मानानं मिरवतात.

मग फरक कुठं आहे? हात रंगाऱ्याचा की सरकारचा, हा फरक धरला तर तो नुसता दरारा झाला. पण दुसरा एक खरा फरक आहे, तो आम्ही मान्य करतो. खात्यानं डायल बदलली ती उघड बदलली. ती डायल आपण 1945 ची आहोत असं म्हणत नाही. घड्याळ सेवेतून काढलं की काही वेळा बाणाच्या टोकाला टोक लावून दुसरा बाण मारायचे, म्हणजे ही वस्तू आता सरकारची नाही. वस्तूवर जे झालं त्याची नोंद वस्तूवर. उलट बाजारात आपण काय बघतो? ज्या कंपनीनं कधी लष्करासाठी घड्याळ बनवलं नाही तिच्या डायलवर बाण. साध्या घड्याळाच्या पाठीवर वायुदलाचा क्रमांक. हे दुरुस्तीचं काम नाही. ही थाप आहे, आणि ती मुंबईत मारली काय नि स्वित्झर्लंडमध्ये मारली काय, थापच.

आपल्या मराठवाड्यात हा प्रश्न समजून घ्यायला ग्रीकांच्या जहाजापर्यंत जावं लागत नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादला 1950 साली कॉलेज काढलं. त्याला पुढे नाव दिलं मिलिंद महाविद्यालय, परिसराला नागसेनवन. त्या दोन नावांमधला संवाद आठवा. राजा मिलिंद रथातून आला. भदंत नागसेन त्याला विचारतात, रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? एकेक करून राजा नाही म्हणतो. मग सगळे भाग मिळून? तरी नाही. भाग सोडून वेगळा काही? तोही नाही. भागांच्या आधारानं चालणारं ते एक नाव आहे. त्याच ग्रंथात दिव्याचा दृष्टान्त आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच म्हणता येत नाही, अगदी परकीही म्हणता येत नाही. एकीतून दुसरी निघाली, मध्ये खंड पडला नाही.

घड्याळाला हे लावून बघा. डायल म्हणजे घड्याळ नाही, मशीन म्हणजे घड्याळ नाही. ज्याला आपण ‘मामांचं घड्याळ’ म्हणतो ते या दुरुस्त्यांच्या न तुटलेल्या साखळीचं नाव आहे. म्हणून आम्ही म्हणतो की भाग बदलल्यानं घड्याळ खोटं होत नाही. साखळी तोडली किंवा नसलेली साखळी दाखवली की ते खोटं होतं.

इथपर्यंत आम्ही फार ऐटीत बोललो. आता आमची चूक सांगतो.

मामा गेल्यावर घड्याळ आमच्याकडे आलं तेव्हा डायलवर पाण्याचे डाग होते. आम्ही ते दुरुस्तीला दिलं आणि सांगितलं, “एकदम नव्यासारखं करा.” डायल रंगवून आली. तेवढं चाललं असतं. पण ‘नव्यासारखं’ म्हटल्यावर कारागिरानं मागचं झाकणही घासून चकचकीत केलं. त्या झाकणावर मामांनी कर्कटकाच्या टोकानं स्वतःचा फौजी नंबर कोरला होता. बराकीत घड्याळं बदलू नयेत म्हणून. तो गेला. कारागिराचा दोष नाही, त्यानं सांगितलं ते केलं. सांगणारे आम्ही होतो, आणि वर्गात वस्तूच्या अभिन्नतेवर व्याख्यानं देणारेही आम्हीच. नंबर म्हणाल तर पेन्शनच्या कागदावर सापडला. पण मामांच्या हातचा तो वाकडा 7 आता कुठल्याच कागदावर मिळायचा नाही.

तेव्हा नातवाचं म्हणणं निम्मं खरं होतं. आम्ही जे केलं ते बनावट नव्हतं, पण निखळ दुरुस्तीही नव्हती. त्याला तिसरा शब्द हवा. आम्ही त्याला ‘पुसणं’ म्हणतो. दुरुस्ती वस्तूला चालती ठेवते. बनावट नसलेला इतिहास चिकटवते. पुसणं असलेला इतिहास काढून टाकतं, बहुतेक वेळा प्रेमानं. आपल्याकडे जुन्या देवळांना ऑइलपेंट देतात ना, तसं. (हशा) हसू नका, फार नुकसान झालंय त्यानं.

आता नातवाचीही गोष्ट ऐका. त्यानं स्वतः एक क्रोनोग्राफ घेतला होता, चांगले पैसे मोजून. 1970 च्या दशकात ब्रिटिश वायुदलासाठी बनायचे त्या जातीचा. दोन बटणं, पाठीवर बाण आणि 6बीबी ने सुरू होणारा क्रमांक. विकणारा म्हणाला, अस्सल. आम्ही दोघं तो घेऊन गावातल्या आमच्या घड्याळवाल्याकडे गेलो, झाकण जरा घट्ट होतं म्हणून. त्यानं उघडायच्या आधी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उजेडात तिरकं धरलं आणि म्हणाला, “सर, ओरखडे खाली हायत आन् अक्षरं वर हायत.”

आम्हाला कळेना. त्यानं समजावलं. घड्याळ आधी कोरतात, मग वापरतात. म्हणजे वापराचे ओरखडे अक्षरांवरून गेले पाहिजेत, अक्षरांच्या कडा बोथट झाल्या पाहिजेत. इथं अक्षरंच ओरखडे कापून गेली होती, कडा नव्या कोऱ्या. म्हणजे घड्याळ वर्षानुवर्षं वापरल्यानंतर कुणीतरी त्याला फौजेत भरती केलं होतं. (हशा) नातवाचा चेहरा उतरला. त्यानं मूळ डायल, मूळ काटे, मूळ चावी, सगळं तपासलं होतं. सगळं मूळचंच होतं. खोटी होती ती फक्त गोष्ट. आणि पैसे त्यानं गोष्टीचेच मोजले होते.

मग घड्याळवाल्यानं मामांचं ‘जवान’ उघडलं. झाकणाच्या आतली बाजू आम्हाला दाखवली. तिथं बारीक टोकानं कोरलेल्या चार खुणा होत्या. घड्याळजी लोक सर्व्हिसिंग केलं की आतून तारीख किंवा आपली खूण ओढून ठेवतात. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, पुढच्या घड्याळजीसाठी ती असते. त्यातली एक खूण आमच्या घड्याळवाल्याच्या वडिलांची होती. त्यानं लगेच ओळखली. बाहेरची बाजू आम्ही पुसली, आतली वाचली. म्हणजे पुन्हा तेच : जमा केलं, सही घेतली.

म्हणून आमचा निकष असा. वस्तूवर जे केलं ते पुढच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. सांगता येतं, ती दुरुस्ती. लपवावं लागतं, ती बनावट. आणि सांगायला काही उरतच नाही, ते पुसणं. या निकषावर मुंबईतला एखादा कारागीर प्रामाणिक ठरेल आणि एखादं मोठं लिलावघर नापास होईल. 2017 साली न्यूयॉर्कला नट पॉल न्यूमनचा रोलेक्स क्रोनोग्राफ 1 कोटी 77 लाख डॉलरला गेला. तशीच घड्याळं इतरही होती, पैसे न्यूमनच्या मनगटाचे पडले. मनगटाला किंमत द्यायला आमची ना नाही. मात्र मग हे कबूल करा की तुम्ही धातू जमवत नाही, साक्ष जमवता. आणि साक्षीची परीक्षा रंगाच्या तकाकीवरून होत नसते.

एच.एम.टी.नं 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं घड्याळं बनवायला सुरुवात केली. 2016 मध्ये घड्याळांचा तो धंदा बंद करायचं सरकारनं ठरवलं. तुमच्या घरात एखादं ‘जवान’ असेल तर ते नव्यासारखं करू नका. चालतं करा. आम्ही आमच्या डबीत एक चिठ्ठी घातली आहे : डायल 1998 साली रंगवली, मागचं झाकण घासलं, त्यावर अमुक नंबर होता, चूक आमची. खाली सही. नातवानं ती वाचली आणि स्वतःच्या क्रोनोग्राफच्या डबीतही एक घातली : बाण खोटा, घड्याळ चांगलं. ते आता तो रोज वापरतो.



प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, मग रंगवलेलं घड्याळ विकत घ्यावं की नाही?

उत्तर : खुशाल घ्या. रंगवलेलं म्हणून घ्या आणि रंगवलेल्याच्या भावात घ्या. विकणाऱ्याला एकच विचारा, याचं काय काय बदललंय? जो म्हणेल “काहीच नाही, पन्नास वर्षांत हातच लावला नाही”, त्याच्यापासून जरा लांब राहा.

प्रश्न : चीनच्या वायुदलाचं म्हणून ‘1963’ नावाचा क्रोनोग्राफ नवीन मिळतो. तो तुमच्या निकषात कुठं बसतो?

उत्तर : चांगला प्रश्न. तिआनजिनच्या कारखान्यानं स्वित्झर्लंडच्या व्हीनस 175 या मशीनची अवजारं विकत घेतली आणि त्यावरून वायुदलासाठी घड्याळ बनवलं, हे खरं आहे. आजचं घड्याळ ही त्याची नवी आवृत्ती. नवी म्हणून विकली तर काही वाद नाही, आपण जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती घेतोच की. तीच डाग पाडून, पिवळी करून जुनी म्हणून विकली की ती थाप झाली.

प्रश्न : घरी आजोबांचं एक घड्याळ आहे. पूर्वी अंधारात चमकायचं म्हणतात, आता चमकत नाही. म्हणजे रेडियम संपलं का?

उत्तर : नाही, आणि हे सगळ्यांनी नीट ऐका. चमकणारा रंग थकतो, रेडियम थकत नाही. ते अर्धं व्हायलाच सुमारे 1600 वर्षं लागतात. काच स्वतः उघडू नका, आकडे खरवडू नका, ती पूड श्वासातून आत जाता कामा नये. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात डायल रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या. जबडे झिजून, हाडं सडून कित्येक गेल्या. ज्या आकड्यांच्या ‘मूळ’ चमकीवर संग्राहक खूश होतात, ते आकडे असेच कुणाच्या तरी हातचे असतात. आणि तुमचं घड्याळ दुरुस्तीला द्याल तेव्हा घड्याळवाल्याला आधी सांगा, की यात रेडियम असू शकतं. त्याला माहीत असलंच पाहिजे.